संदेश गेला कुठे? एकाच मशीनवरच्या सॉकेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेटीवर लिलावाच्या जागी एक छोटा लिनक्स संगणक ठेवलेला आहे असं धरा. एक प्रोग्राम इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन वाचतो, दुसरा पावती छापतो, तिसरा दिवसाचा हिशेब ठेवतो. तिन्ही एकाच डब्यात, आणि एकमेकांशी सॉकेटवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना डेटा देण्याच्या जोडबिंदूवरून) बोलतात. बरं चाललेलं असतं, आणि मग ऐन गर्दीत एखादी पावती येत नाही. तांडेल (होडीचा प्रमुख) समोर उभा राहून विचारतो, "माझी पावती खंय गेली?" खाली हरणैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही पडतील असे प्रश्न आहेत. उत्तरं लिनक्स धरून दिली आहेत, विंडोजचं शेवटाकडे थोडं आहे.

एकाच मशीनमध्ये संदेश हरवतोच कसा? मध्ये वायरसुद्धा नाही.

बहुतेक वेळा तो हरवलेला नसतोच. एकाच मशीनवर कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) न सांगता संदेश फेकून द्यावा अशा जागा फार थोड्या आहेत. यूडीपी या पोच न घेणाऱ्या पद्धतीचा भरलेला बफर (संदेश वाचला जाईपर्यंत थांबतो ती जागा) ही त्यातली मुख्य, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्या तक्रारींत संदेश पाठवणाऱ्याकडून निघालेलाच नसतो, किंवा पोचलेला असतो पण वाचणाऱ्याने अर्धा वाचून सोडलेला असतो, नाहीतर भलत्याच प्रोग्रामच्या हाती पडलेला असतो. म्हणून "का हरवला?" हे नंतर. आधी तो शेवटचा कुठे दिसला ते शोधा.

मग सुरुवात कुठून करू?

प्रत्येक संदेशाला पाठवतानाच क्रमांक द्या. एवढं नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. मग तीन ठिकाणी लॉग लिहा: पाठवण्याआधी, वाचल्याबरोबर, आणि काम पूर्ण झाल्यावर. "संदेश पाठवला" असली ओळ कुचकामी असते. क्रमांक आणि बाइटची संख्या, दोन्ही लिहा.

त्यानंतर चालू प्रोग्रामला एसट्रेस (प्रोग्रामने कर्नेलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावा आणि फक्त नेटवर्कचे कॉल बघा. प्रोग्रामचा लॉग म्हणजे प्रोग्रामची समजूत, एसट्रेस म्हणजे प्रत्यक्ष घडलेलं. समजा पाठवणाऱ्याच्या बाजूला ९६ आणि ९६ असे दोन कॉल दिसतात, आणि वाचणाऱ्याच्या बाजूला एकाच कॉलमध्ये १९२. दुखणं तिथेच सापडलं, पुढचा प्रश्न वाचा.

चालू सॉकेटं आणि त्यांच्या रांगा दाखवणारी एसएस ही कमांडही हाताशी ठेवा. तिच्यातला येणाऱ्या रांगेचा आकडा वाढत चालला असेल तर वाचणारा वाचतच नाहीये: अडकलाय, झोपलाय किंवा दुसऱ्याच कामात आहे. संदेश निघाल्याची खात्री असेल, सॉकेट यूडीपीचं नसेल, आणि दोन्ही बाजूंच्या रांगा शून्य असूनही पावती आली नसेल, तर संदेश वाचणाऱ्याच्या हाती पडून गेलेला आहे (तोच योग्य वाचणारा होता का, हे पुढे येईल). मग कर्नेलला बोल लावू नका, स्वतःचा कोड उघडा.

दोन वजनं लागोपाठ टाकली की एकच पावती येते. असं का?

या पानावरचा सगळ्यात जास्त वेळा भेटणारा आजार हाच. टीसीपी (पोचवण्याची काळजी घेणारी नेटवर्कची पद्धत) किंवा युनिक्स स्ट्रीम सॉकेट (फाइलच्या नावाने जोडणारं, मशीनच्या आतलंच) संदेश वाहून नेतच नाही, ते नुसते बाइट नेतं. दोन टोपल्या एकाच क्रेटमध्ये ओतल्या की कुठला बांगडा कुठल्या टोपलीतला हे सांगता येत नाही, तसंच हे. तुम्ही दोनदा पाठवलं म्हणून समोरच्याला दोनदा मिळेल असा करारच नाही. एकदाच मिळेल, किंवा तीन तुकड्यांत मिळेल, आणि दोन्ही बरोबरच आहे.

घरी टेबलावर चाचणी करताना हे उघडकीला येत नाही, कारण तुम्ही एक वजन टाकता, थांबता, पावती बघता, मग दुसरं टाकता. जेटीवर तीन होड्या एकदम लागल्या की वजनं धडाधड येतात, दोन संदेश एका वाचनात सापडतात, आणि पहिला वाचून बाकीचा बफर फेकणारा कोड दुसरी पावती गिळतो. मग "फक्त गर्दीतच होतं, म्हणजे मशीन कमी पडतंय" असा निष्कर्ष निघतो आणि नवा संगणक येतो. नव्या संगणकावरही तेच होतं.

उपाय दोन. संदेश साधा मजकूर असेल तर प्रत्येकाच्या शेवटी नवी ओळ टाका आणि वाचताना ओळ पूर्ण होईपर्यंत बाइट साठवा. नाहीतर संदेशाआधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी पाठवा, आणि तेवढे बाइट मिळेपर्यंत वाचत राहा. कुठलाही घ्या, पण वाचून उरलेले बाइट पुढच्या फेरीसाठी जपून ठेवलेच पाहिजेत. मला स्वतःला ओळीचा मार्ग आवडतो, कारण रात्री अकरा वाजता नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. तिसरा मार्ग सीक्वेन्स्ड पॅकेट प्रकारच्या युनिक्स सॉकेटचा. त्यात जोडणी स्ट्रीमसारखी असते आणि संदेशाच्या सीमाही टिकतात. लिनक्सवर छान चालतं, मॅकवर ते मिळत नाही.

इंग्रजीत माल लिहिला की सगळं ठीक. मराठीत लिहिला की पहिल्या पावतीनंतर प्रोग्राम गप्प.

हा खास आपला प्रश्न, इंग्रजी मदतपानांवर सहसा न सापडणारा. लांबी अक्षरांत मोजली आणि पाठवले बाइट, असं झालंय.

"बांगडा" घ्या. पायथॉनला लांबी विचारली तर ६ सांगेल: ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या रूढ पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे वाटेवर जातात १८ बाइट. तुम्ही आधी "६" पाठवलंत. समोरच्याने इमानदारीत ६ बाइट उचलले, त्याला मिळालं "बा". आता तो पुढच्या ४ बाइटना नव्या संदेशाची लांबी समजतो. तिथे पडलेत अनुस्वाराचे तीन बाइट आणि "ग"चा पहिला. सोळाच्या पायात ते ई०, ए४, ८२, ई०. आकडा म्हणून वाचले तर होतात ३७६ कोटी ८८ लाख ७७ हजार ७९२. एवढे बाइट येईपर्यंत तो बिचारा वाट बघत बसतो. त्यानंतरच्या सगळ्या पावत्या त्याच्या पोटात जातात, आणि कुठेही एरर नाही. "मॅकरेल" लॅटिन लिपीत लिहिलं तर अक्षर आणि बाइट एकच असल्यामुळे चूक लपून राहते.

आधी एन्कोड करा, म्हणजे मजकुराचे बाइट करा, मग त्या बाइटची लांबी मोजा. शिवाय लांबीला एक वरची मर्यादा घाला. पावती ६४ किलोबाइटची असूच शकत नाही, तर त्याहून मोठा आकडा दिसताच जोडणी तोडून लॉगमध्ये बोंब मारा.

याचाच धाकटा भाऊ: वाचताना तुकडा नेमका अक्षराच्या मध्ये तुटतो, तीनपैकी दोनच बाइट हाती येतात, डीकोड करताना एरर येते, आणि कुणीतरी ती एरर पकडून काहीही न करता पुढे जाणारा कोड लिहिलेला असतो. संपूर्ण संदेश गोळा झाल्याशिवाय डीकोड करायचं नाही. आणि एरर पकडून गप्प बसणारी ती ओळ कोडात दिसली की आधी तिला बोलतं करा, बाकीचं नंतर.

सेंडने (पाठवण्याच्या कॉलने) बरोबर बाइटसंख्या परत दिली. म्हणजे पोचला ना?

नाही. कर्नेलने बाइट स्वतःच्या बफरमध्ये घेतले, इतकाच त्याचा अर्थ. समोरचा प्रोग्राम ते वाचण्याआधीच कोसळला तर बाइट त्याच्याबरोबर गेले. पावती महत्त्वाची असेल तर छापणाऱ्याकडून "क्रमांक ४१८ छापली" असा उलट निरोप आला पाहिजे. तो येईपर्यंत पाठवणाऱ्याने संदेश आपल्याकडे धरून ठेवायचा.

नॉन-ब्लॉकिंग सॉकेट (जागा नसली तरी थांबून न राहणारं) असेल तर आणखी एक खड्डा आहे. ५००० बाइट द्याल आणि कॉल परत देईल ३२००. उरलेले पाठवणं तुमचं काम. पायथॉनमध्ये साध्या सेंडऐवजी सेंडऑल वापरलं की ब्लॉकिंग सॉकेटपुरता हा प्रश्न मिटतो.

एआयएस रिसीव्हर (जहाजं रेडिओवरून सांगतात ते ठिकाण आणि नाव ऐकणारं यंत्र) लावलाय. जहाजं नकाशावर दिसतात, पण कितीतरी जहाजांची नावं येतच नाहीत.

रत्नागिरी-जयगड पट्ट्यात छतावर अँटेना लावून हे करणारे हौशी आहेत, आणि प्रश्न खरंच सुंदर आहे. रिसीव्हरचा प्रोग्राम १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर ऐकतो, आणि मिळालेल्या ओळी त्याच मशीनवरच्या नकाशाच्या प्रोग्रामला यूडीपीने, सहसा १०११० पोर्टवर, पाठवतो. चालत्या मोठ्या जहाजाचं ठिकाण दर २ ते १० सेकंदांनी येतं. त्यातले काही संदेश गळाले तरी ठिपका जागच्या जागी राहतो, तुम्हाला कळतही नाही. नाव मात्र पाचव्या प्रकारच्या संदेशात असतं. तो ६ मिनिटांतून एकदा येतो, ४२४ बिटचा असतो, आणि एका ओळीत मावत नसल्यामुळे दोन ओळींत तुटून येतो. त्यातली एक गळाली की दुसरी निरुपयोगी, आणि पुढची संधी ६ मिनिटांनी. म्हणजे गळती सगळीकडेच होते, नावावर ती फक्त उठून दिसते.

आधी हवेतलं आणि मशीनमधलं वेगळं करा. रिसीव्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये दोन्ही ओळी असतील तर अँटेना निर्दोष. मग यूडीपीचा वाचन-बफर बघा. लिनक्सवर तो सहसा २१२९९२ बाइटचा असतो. ८० बाइटच्या ओळी धरल्या तर अडीच हजारांवर मावाव्यात असं वाटतं, पण कर्नेल प्रत्येक पॅकेटमागे स्वतःचा सरंजामही त्याच हिशेबात धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात काही शेच मावतात. एआयएसच्या दोन्ही चॅनेलवर मिळून मिनिटाला ४५०० स्लॉट (संदेश पाठवण्याच्या वेळेच्या जागा) असतात. आपल्या किनाऱ्यासमोर इतकी गर्दी नसते हे खरं, पण नकाशाचा प्रोग्राम प्रत्येक ओळ स्वस्तातल्या एसडी कार्डावर लिहीत बसला आणि कार्ड मध्येच अडून राहिलं, तर तेवढ्या वेळात बफर भरतो आणि पुढची पॅकेटं कर्नेल टाकून देतो. पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही, त्याचा सेंड यशस्वीच होतो.

टाकलेल्या पॅकेटांची मोजणी मात्र कर्नेल प्रामाणिकपणे ठेवतो. नेटस्टॅट या कमांडला यूडीपीची आकडेवारी मागा आणि "रिसीव्ह बफर एरर्स" ही ओळ बघा. कुठल्या सॉकेटवर किती गळाली हे प्रॉक फोल्डरमधल्या यूडीपीच्या यादीत, शेवटच्या रकान्यात असतं. आकडा वाढत असेल तर चोर सापडला.

मग बफर वाढवून टाकतो.

वाढवा, पण एवढ्यावर थांबू नका. मोठा बफर फक्त अचानक आलेली लाट सोसतो. वाचणारा कायमचाच सावकाश असेल तर तो आज नाही तर दहा मिनिटांनी भरेल. एका थ्रेडने (प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या धाग्याने) फक्त वाचायचं आणि रांगेत टाकायचं, लिहिण्याचं काम दुसऱ्याने करायचं. आणखी एक: बफर मागताना सिस्टीमची वरची मर्यादा आड येते आणि कर्नेल काही न बोलता कमी देतो. मागितल्यावर मिळाला किती, हे परत विचारून बघा. लिनक्स मागितलेल्याच्या दुप्पट आकडा सांगतो, तेव्हा गोंधळून जाऊ नका.

पावत्यांसाठी यूडीपी वापरू का?

नको. जिथे पुढचा संदेश मागच्याला निकालात काढतो, उदाहरणार्थ जहाजाचं ठिकाण, तिथे यूडीपी शोभतं. पैशाचा व्यवहार असेल तिथे नाही.

युनिक्स डेटाग्राम सॉकेट (एकेक संदेश वेगळा नेणारं) म्हणजे यूडीपीच ना? तेही गळतं का?

नाव सारखं, स्वभाव वेगळा. लिनक्सवर युनिक्स डेटाग्राम संदेश टाकूनही देत नाही आणि क्रमही बदलत नाही. समोरच्याची रांग भरली तर पाठवणारा थांबून राहतो. नॉन-ब्लॉकिंग असेल तर "पुन्हा प्रयत्न करा" अशी एरर मिळते, आणि ती एरर न तपासणारे प्रोग्रामच इथे संदेश हरवतात. रांगेची लांबी कर्नेलच्या मूळ ठेवणीत फक्त १० संदेशांची आहे. सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या मशीनवर ती ५१२ केलेली सापडते. त्यामुळे एका मशीनवर सुरळीत आणि दुसऱ्यावर अडखळत, असा प्रकार दिसला तर हा आकडा दोन्हीकडे तपासा.

डेटाग्राम कुठलंही असो, वाचताना बफर लहान दिलात तर उरलेला संदेश कापला जातो आणि परत मिळत नाही. लिनक्समध्ये त्याची खूण फक्त ट्रंकेटेड नावाच्या फ्लॅगमध्ये उमटते, आणि तो फ्लॅग सहसा कुणी बघत नाही.

लाइट गेली, आली, आणि नंतर पावती प्रोग्रामला जोडताच येत नाही. किंवा जोडतं, पण काही पोचत नाही.

पावसाळ्यातला नेहमीचा. युनिक्स सॉकेटची फाइल डिस्कवर उरते, तिच्यामागचा प्रोग्राम मात्र गेलेला असतो. जोडायला गेलात तर "कनेक्शन रिफ्यूज्ड", आणि नवा सर्व्हर त्याच नावाने उभा राहायला गेला तर "अॅड्रेस ऑलरेडी इन यूज". सुरू होताना जुनी फाइल पुसून मग बाइंड करणं (त्या नावावर सॉकेट उभं करणं) हा रूढ उपाय. त्याहून बरं म्हणजे सॉकेट रन फोल्डरमध्ये ठेवा. तो मेमरीत असतो, मशीन बंद पडलं की आपोआप साफ.

पण आंधळेपणाने पुसण्यात धोका आहे. पहिला सर्व्हर जिवंत असतानाच कुणी दुसरा चालू केला, तर दुसरा पहिल्याची फाइल पुसून आपली ठेवतो. आधी जोडलेले क्लायंट पहिल्याशीच बोलत राहतात, नवे दुसऱ्याशी. अर्धा हिशेब एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि दोघांनाही वाटतं आपण एकटेच आहोत. एसएसला युनिक्स सॉकेट आणि प्रोसेस क्रमांक मागा, एकाच पथावर दोन प्रोसेस दिसतील. लॉक फाइल (एक सर्व्हर आधीच चालू असल्याची खूण) वापरली तर हे होत नाही.

जाता जाता: सॉकेटच्या पथाला लिनक्सवर १०८ बाइटची मर्यादा आहे. फोल्डरांना हौसेने मराठी नावं दिलीत तर ती ३६ चिन्हांतच संपते.

सर्व्हर चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, तरी लोकलहोस्टवर काही मिळत नाही.

"लोकलहोस्ट" (म्हणजे हेच मशीन) या नावामागे दोन पत्ते असतात, आयपी आवृत्ती ४ चा १२७.०.०.१ आणि आवृत्ती ६ चा. सर्व्हर एकावर ऐकतोय आणि क्लायंट दुसऱ्यावर जातोय असं होतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, पत्त्यांचा क्रम बदलला तेव्हा कित्येक चालते प्रोग्राम यामुळेच बसले. नावाऐवजी सरळ आकडे लिहून बघा. टीसीपीवर निदान एरर तरी येते. यूडीपीवर, सॉकेट आधी कनेक्ट केलेलं नसेल, तर कुणी ऐकत नसलेल्या पत्त्यावरही सेंड आनंदाने यशस्वी होतो.

प्रोग्राम डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त खोक्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर त्याचा लोकलहोस्ट वेगळा, बाहेरच्या मशीनचा नव्हे. युनिक्स सॉकेट आत द्यायचं असेल तर सॉकेटची फाइल जोडू नका, तिचा फोल्डर जोडा. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर आतल्याच्या हाती जुनीच, मेलेली फाइल राहते. सिस्टीमडीच्या सर्व्हिसला प्रायव्हेट टेम्प लावलं असेल तर तिचा टेम्प फोल्डरही निराळा असतो. फाइल तुम्हाला दिसते, तिला दिसत नाही.

नेमका शेवटचा संदेशच जातो.

तीन संशयित. एक, सॉकेटला फाइलसारखं गुंडाळून लिहिताय आणि बंद करण्याआधी फ्लश केलेलं नाही (साठलेलं बाहेर ढकललेलं नाही). दोन, शेवटच्या संदेशाला नवी ओळ नाही, म्हणून वाचणारा अजून वाट बघतोय. तिसरा जरा आतला आहे: टीसीपीवर तुमच्याकडे आलेले काही बाइट न वाचताच तुम्ही सॉकेट बंद केलं तर लिनक्स समोरच्याला रीसेट (जोडणी तोडल्याचा निरोप) पाठवतो, आणि तुम्ही नुकतंच पाठवलेलं उत्तर त्याने वाचलेलं नसेल तर तेही हातचं जाऊ शकतं. आधी फक्त लिहिण्याची बाजू शटडाउन करा, समोरून शून्य येईपर्यंत वाचत राहा, मग बंद करा.

आणि पहिलाच जात असेल तर?

झीरोएमक्यू या संदेश वाहणाऱ्या लायब्ररीचं प्रकाशक-वर्गणीदार वळण वापरताय का? वर्गणीदाराची जोडणी पुरी होण्याआधी प्रकाशित झालेलं त्याला मिळत नाही, ती रचनाच तशी आहे. थोडं झोपवून भागवू नका, वर्गणीदाराकडून "तयार आहे" असा निरोप घेऊन मग सुरू करा.

टीसीपीडंपमध्ये (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या साधनात) काहीच दिसत नाही.

लूपबॅक (मशीनच्या आतल्या आत फिरणारा) इंटरफेस निवडलाय ना? निवडूनही दिसत नसेल तर तुमचं सॉकेट युनिक्स प्रकारचं असेल. ते टीसीपीडंपला कधीच दिसणार नाही. मध्ये सोकॅट (दोन सॉकेट जोडून देणारं साधन) बसवा, जाणारा-येणारा प्रत्येक बाइट छापून दाखवेल.

विंडोजवर काही वेगळं?

यूडीपीत एक विचित्र गोष्ट आहे. तुम्ही बंद पोर्टवर काही पाठवलं तर त्याची शिक्षा पुढच्या वाचनाला मिळते: १००५४ क्रमांकाची "कनेक्शन रीसेट" एरर. ती बघून वाचनाचं लूप सोडून देणारा प्रोग्राम त्यानंतर बहिरा होतो. एरर नोंदवा आणि वाचत राहा. युनिक्स सॉकेट विंडोज १० पासून मिळतं, पण फक्त स्ट्रीम.

लॉगमध्ये सगळं बरोबर आहे, "४१८ छापली" असा निरोपही आहे, पण कागद आलाच नाही.

मग तो निरोप प्रिंटरचा नाही, तुमच्या प्रोग्रामचा आहे. त्याने बाइट प्रिंटरच्या फाइलमध्ये लिहिले आणि छापलं असं समजून मोकळा झाला. थर्मल प्रिंटरला स्थिती विचारता येत असेल तर विचारा, कागद संपलाय का झाकण उघडंय ते कळेल. उत्तरच येत नसेल तर यूएसबीची पिन काढून उजेडात बघा. खाऱ्या हवेने हिरवी पडली असेल तर नवी केबल घाला, आणि ४१८ पुन्हा पाठवा.